ग्रंथ, परंपरा आणि धर्मसत्ता

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या व्याख्यानासाठी आम्हांला विचारले तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही ना धर्मपंडित, ना वक्ते. केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य गेलेले, बी. ए. पर्यंत शिकलेले एक सामान्य गृहस्थ. परंतु चिटणीसांनी एक वाक्य असे टाकले की, नकार देता येईना. ते म्हणाले, "तुम्ही गणेशोत्सवात आमच्या पंगतीला असता, कोजागिरीला दूध आटवायला उभे राहता, पण तुमच्या धर्मात काय आहे, हे आम्हांला इतक्या वर्षांत ठाऊक झाले नाही, ही चूक कुणाची?" चूक दोघांचीही असावी. आमच्या वाट्याची आज दुरुस्त करावी, एवढ्याच हेतूने उभे आहोत.

आम्ही मूळचे वसईचे, कॅथलिक ख्रिस्ती. घरात बोलायची ती सामवेदी बोली, शाळेत शिकलो ती मराठी, आणि येथे जबलपुरात मिस्सा ऐकतो ती हिंदीत. मंडळातील स्नेही आम्हांला दोन प्रश्न नेहमी विचारतात. एक, "तुमचे बायबल म्हणजे आमच्या वेदांसारखेच ना? त्यात असेल ते प्रमाण, नसेल ते अप्रमाण?" आणि दुसरा, "पोप म्हणतील ते सगळे खरे मानावे लागते काय?" या दोन्ही प्रश्नांना 'होय' म्हटले तरी चुकते आणि 'नाही' म्हटले तरी चुकते. शिवाय हे प्रश्न आम्हांला केवळ स्नेह्यांनीच विचारलेले नाहीत. ते आमच्या घरातही विचारले गेले, आणि तेही एका कठीण प्रसंगी. तो प्रसंग आधी सांगतो, म्हणजे हा विषय आम्हांला केवळ पांडित्याचा का वाटत नाही, हे ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी वसईस आमचे वडील वारले. आम्ही येथून गाडीने निघून पोहोचलो. आमच्याकडे रीत अशी की, मृताच्या आत्म्यासाठी घरी प्रार्थना होते, सातव्या दिवशी मिस्सा होते. नोव्हेंबरच्या दोन तारखेस सर्व मृतांचा दिवस असतो. त्या दिवशी थडग्यांवर फुले वाहून मेणबत्त्या लावतात. आमचे धाकटे बंधू काही वर्षांपासून एका प्रार्थना मंडळात जाऊ लागले होते. 'केवळ शास्त्र' हा त्या मंडळाचा बाणा. घरातील प्रार्थनेच्या वेळी ते ओटीवर जाऊन बसले. आम्ही बोलवायला गेलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "दादा, मेलेल्यांसाठी प्रार्थना करा, हे शास्त्रात कुठे लिहिले आहे ते दाखव, मी आत्ता आत येतो."

आम्ही आमचे बायबल काढले आणि मक्काबी यांचा दुसरा ग्रंथ उघडला. त्याच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी हा सेनानी युद्धात पडलेल्या आपल्या माणसांच्या पापक्षालनासाठी वर्गणी जमवून यरुशलेमेस अर्पण पाठवतो, असे वर्णन आहे. बंधूंनी आपले बायबल आणले. त्यात तो ग्रंथच नव्हता. एकाच बापाचे दोन मुलगे, दोघांच्या हातांत पवित्र शास्त्र, आणि एकाच्या शास्त्रात जे आहे ते दुसऱ्याच्या शास्त्रात नाही! आमच्या बायबलात ७३ ग्रंथ, त्यांच्या बायबलात ६६. बंधू आत आले नाहीत. आईने कुणालाच काही म्हटले नाही.

येथे प्रश्न असा उपस्थित होतो की, शास्त्र कोणते, हे कुणी ठरवायचे? शास्त्राने स्वतःच ते सांगितले असते तर वाद मिटला असता. परंतु बायबलच्या कोणत्याही ग्रंथात बायबलच्या ग्रंथांची अनुक्रमणिका दिलेली नाही.

हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. येशू ख्रिस्ताने स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. तो बोलला, त्याने शिष्य निवडले आणि त्यांना जगात पाठवले. त्याच्यानंतर वीसएक वर्षे उलटल्यावर संत पौलाने निरनिराळ्या गावच्या मंडळ्यांना पत्रे लिहावयास आरंभ केला. चार शुभवर्तमाने पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ग्रंथ तयार होण्यापूर्वी उपासना होती, बाप्तिस्मा होता, भाकर मोडण्याचा विधी होता, श्रद्धा होती. ती मुखपरंपरेने चालली होती. पुढे पुष्कळ लिखाणे फिरू लागली. काही प्रेषितांच्या नावावर खपवलेलीही होती. तेव्हा ख्रिस्तसभेला निवड करावी लागली. आज सर्व ख्रिस्ती मानतात ते नव्या कराराचे नेमके २७ ग्रंथ अलेक्झांड्रियाचे बिशप अथेनेशियस यांनी इ. स. ३६७ च्या आपल्या ईस्टरच्या पत्रात नोंदवले. उत्तर आफ्रिकेत हिप्पो येथे ३९३ मध्ये आणि कार्थेज येथे ३९७ मध्ये धर्माचार्यांच्या सभांनी ग्रंथांची यादी मान्य केली. तीत जुन्या करारातील मक्काबी, तोबित, प्रवक्ता इत्यादी ग्रंथही होते. हे ग्रंथ ग्रीक भाषेतील प्राचीन ज्यू संग्रहातून आलेले होते. पुढे पॅलेस्टाईनमधील यहुदी परंपरेने जो हिब्रू संग्रह प्रमाण मानला, त्यात ते नव्हते. संत जेरोम यांच्यासारख्या मोठ्या भाषांतरकारालाही त्यांच्याविषयी शंका होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी जर्मनीत सुधारणेचा झेंडा उभारला. पापक्षमेच्या चिठ्ठ्यांचा त्या काळी चाललेला बाजार पाहून कोणाही सज्जनाचा संताप व्हावा, अशीच स्थिती होती. ल्यूथर यांनी म्हटले की, पोप आणि धर्मसभा चुकू शकतात. अंतिम प्रमाण शास्त्रच. १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात त्यांनी ते विवाद्य ग्रंथ काढून टाकले नाहीत, पण वेगळे करून परिशिष्टासारखे ठेवले. त्याला उत्तर म्हणून ट्रेंट येथील धर्मसभेने ८ एप्रिल १५४६ रोजी जाहीर केले की, हे ग्रंथही शास्त्रच. शिवाय प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा आणि शास्त्र या दोहोंचा सारख्याच भक्तिभावाने स्वीकार करावा. आमच्या ओटीवर दोन भावांमध्ये जो वाद झाला, त्याचे मूळ असे चारशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे.

आपणांपैकी पुष्कळांना यात काही ओळखीचे वाटले असेल. धर्माची प्रमाणे सांगताना आपल्याकडील स्मृतिकारांनी श्रुती, स्मृती आणि सदाचार अशी क्रमवारी लावली. ग्रंथ एकटा पुरत नाही, तो जगणारे शिष्टजन लागतात, हा विचार भारतीय मनाला परका नाही. वारकरी संप्रदायातही ज्ञानेश्वरी आहे, तशी गुरुपरंपरा आहे, फड आहे, दिंडीची शिस्त आहे. मात्र एक भेद आहे. आपल्याकडे अर्थ लावणारी पीठे अनेक, आणि कोणा एकाचा निर्णय सर्वांवर बंधनकारक नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेत असा निर्णय देणारी एक व्यवस्था आहे. प्रेषितांचे वारस म्हणून बिशप आणि त्यांचे प्रमुख म्हणून रोमचे बिशप, म्हणजे पोप. शास्त्र, परंपरा आणि हा शिकवण्याचा अधिकार, अशा तीन पायांवर आमची तिवई उभी आहे.

सरकारी नोकराला हे समजणे सोपे जाते. अधिनियम असतो, कार्यालयाचा जुना प्रघात असतो, आणि शंका आली की खुलासा करणारे वरचे कार्यालय असते. अधिनियम स्वतःचा अर्थ स्वतः सांगत नाही. तो सांगता तर आमच्या निम्म्या फायली उघडल्याच नसत्या. पण याची दुसरी बाजूही सरकारी नोकरालाच ठाऊक असते. पुष्कळदा प्रघात मूळ नियमाच्या मानेवर बसतो, आणि परिपत्रक काढणारा स्वतःला कायद्यापेक्षा मोठा समजू लागतो. हा धोका ख्रिस्तसभेलाही चुकलेला नाही.

म्हणून परंपरा आणि रूढी यांच्यात भेद केला पाहिजे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना स्पष्ट सुनावतो की, माणसांच्या चालीरीती सांभाळण्यासाठी तुम्ही देवाची आज्ञा बाजूला सारता. आमचे बंधू नेहमी हाच अध्याय दाखवतात, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या बाजूस पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो की, आम्ही तोंडी शिकवलेल्या आणि पत्राने कळवलेल्या अशा दोन्ही परंपरा धरून राहा. दोन्ही वचने एकाच शास्त्रातली. फ्रेंच डॉमिनिकन पंडित इव्ह काँगार यांनी १९६० च्या सुमारास हा भेद विस्ताराने मांडला. एक ती परंपरा, जिच्यातून प्रेषितांची श्रद्धा पुढे वाहत येते, आणि दुसऱ्या अनेक परंपरा, म्हणजे देशकालाप्रमाणे पडलेल्या चाली. आमच्या मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती लग्नांत उंबराचे पाणी आणण्याची चाल आहे. ती गोड आहे, मराठी मातीची आहे. पण ती सुटली म्हणून श्रद्धा सुटत नाही. ख्रिस्ताचे पुनरुत्थान ही परंपरा. ते सुटले तर काहीच उरत नाही.

आता आपल्या मराठी भाषेशी या विषयाचा कसा निकट संबंध आला, तो सांगतो. इ. स. १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला. त्यानंतर पाचच वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणास एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. एका थोर ग्रंथाचा पाठ कोणता, हे ठरवण्यासाठी संप्रदायातला अधिकारी पुरुष लागला, हे येथे लक्षात घ्यावे. गोव्यात स्टीफन्स मराठी आणि कोकणी शिकला, आणि त्याने 'ख्रिस्तपुराण' रचले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे छापला गेला. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातील ओव्या महाराष्ट्रात शिकलेल्या पुष्कळांच्या परिचयाच्या असतील.

पण त्याने बायबलचे भाषांतर का केले नाही? पुराणच का रचले? याचे एक उत्तर ग्रंथातच आहे. जुनी पुराणे ऐकण्यास बंदी झालेले नवख्रिस्ती त्यात विचारतात की, आमची पुराणे काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी दुसरे का देत नाही? दुसरे उत्तर त्या काळच्या धर्मसत्तेत शोधावे लागते. ट्रेंटनंतर १५६४ मध्ये निघालेल्या नियमांनी लोकभाषांतील बायबलाच्या वाचनावर कडक निर्बंध घातले होते. ग्रंथ लोकांच्या हाती पडला की जो तो आपापला अर्थ लावील, ही भीती त्यामागे होती. म्हणून स्टीफन्सने शास्त्रातील कथा घेतली आणि ती गुरू-शिष्यांच्या संवादातून, ओवीतून, म्हणजे परंपरेच्या वळणाने सांगितली. छपाईची परवानगीही त्याला वरिष्ठांकडे मागावी लागली. १६०८ मधील त्याच्या पत्रात देशी लिपीत छापण्याची इच्छा दिसते. पण त्यासाठी सहाशेच्या घरात साचे लागतील, ही अडचणही त्याने तेथेच नोंदवली आहे. अखेर ग्रंथ रोमन लिपीत निघाला. एकाच ग्रंथाच्या जन्मात शास्त्र, परंपरा आणि अधिकार या तिघांचा हात कसा असतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

याच गोव्यात धर्मसत्तेचे दुसरे रूपही दिसले, आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देवळे मोडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले, आणि मधला थोडा काळ वगळता ते १८१२ पर्यंत राहिले. श्रद्धेच्या रक्षणाच्या नावाखाली माणसांना कोठडीत घातले गेले. त्यांत नवख्रिस्तीही होते. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ज्या भाषेत स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा गायिली, तीच भाषा सत्तेला नकोशी झाली. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापलेल्या ख्रिस्तपुराणाच्या त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते वाचले ते हस्तलिखितांतून, आणि मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांत वाचले, गाइले गेले म्हणून. १९०७ मध्ये मंगळुरास जोसेफ सालढाणा यांनी ते संपादून छापले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. सत्तेने जे राखले नाही, ते घरांनी राखले. परंपरा शब्दाचा अर्थ आम्हांला येथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

वसईचेही तसेच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, त्यांचे पाद्री गेले. आमचे पूर्वज मात्र तेथेच राहिले. त्यांच्या हाती छापील बायबल नव्हते. असते तरी वाचणारे थोडेच होते. तरी मराठी अमलात त्यांचा धर्म टिकला. कशाने टिकला? आजीने नातवाला शिकवलेल्या खुणेने, जपमाळेने, सणांनी आणि थडग्यावर लावलेल्या दिव्याने. आमची स्वतःची आजी लॅटिन प्रार्थना मराठी वळणाने म्हणे. शब्दांचा अर्थ तिला कळत नसे. पण त्या कुणाला उद्देशून आहेत, हे पक्के कळत असे. "केवळ शास्त्र" हा निकष लावला तर आमच्या आजीचा धर्म शून्य ठरतो. ते मानायला आमचे मन तयार होत नाही.

तथापि दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद आपल्याच एका थोर मराठी स्त्रीने इतक्या तेजाने मांडला आहे की, तो ऐकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. त्यांना या मार्गाकडे वळवण्यात ज्यांच्या लेखनाचा वाटा होता ते नीळकंठशास्त्री गोरे हेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. ते काशीत वाढले आणि १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. गोरे उत्तरोत्तर प्राचीन ख्रिस्तसभेच्या अधिकाराकडे झुकत गेले. रमाबाईंनी नेमके उलट केले. आपल्या गुरुभगिनींना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी ठाम भूमिका घेतली की, एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवले ते दुसऱ्याचे घेण्यासाठी नव्हे. शास्त्र आपण स्वतः वाचू आणि सदसद्विवेकाला पटेल ते मानू. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या. भाषांतर १९२४ मध्ये बाहेर पडले. आम्ही कॅथलिक असूनही म्हणतो की, रमाबाईंच्या या प्रश्नाला उत्तर दिल्याखेरीज कोणत्याही धर्मसत्तेला आपला अधिकार सांगता येणार नाही.

मग उत्तर काय? आता पोपविषयीच्या प्रश्नाकडे वळू. १८७० मध्ये व्हॅटिकन येथील पहिल्या धर्मसभेने पोपच्या प्रमादातीततेचा सिद्धांत जाहीर केला. पुष्कळांचा समज असा की, पोप कधी चुकत नाहीत. तसे मुळीच नाही. पोपही पापी माणूस आहे, तोही कबुलीजबाबाला बसतो. सिद्धांत एवढाच की, सर्व ख्रिस्तीजनांचा मेंढपाळ या नात्याने, श्रद्धा वा नीती यांविषयी, संपूर्ण ख्रिस्तसभेने मानावा असा अंतिम निर्णय जेव्हा तो जाहीर करतो, तेव्हा त्या निर्णयात चूक होत नाही. १८७० नंतर अशी घोषणा एकदाच झाली. १ नोव्हेंबर १९५० रोजी बाराव्या पायस यांनी पवित्र मरियेच्या स्वर्गारोहणाचा सिद्धांत मांडला. त्यापूर्वी १९४६ मध्ये त्यांनी जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून, तुमची आणि तुमच्या लोकांची श्रद्धा काय आहे, असे विचारले होते. म्हणजे निर्णय देणाराही आधी ऐकतो. बाकी असंख्य गोष्टींत पोप आणि धर्माधिकारी चुकलेले आहेत. १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाली. त्यातील चूक पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये उघडपणे मान्य केली.

खरे उत्तर मिळाले ते १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेत, असे आम्हांला वाटते. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी संमत झालेल्या दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात सांगितले आहे की, शास्त्र आणि परंपरा हे दोन निराळे झरे नसून एकाच उगमातून वाहतात. आणि शिकवण्याचा अधिकार देवाच्या शब्दाहून श्रेष्ठ नाही, तो त्या शब्दाचा सेवक आहे. जे सोपवले गेले तेवढेच त्याने शिकवायचे, आणि शिकवण्याआधी भक्तिभावाने ऐकायचे. याच दस्तऐवजाने श्रद्धाळूंसाठी शास्त्राचे द्वार उघडे असावे असे म्हटले आणि लोकभाषांतील भाषांतरांना उत्तेजन दिले. चारशे वर्षांपूर्वी ज्या भीतीने दार लोटून घेतले होते, ते धर्मसत्तेने स्वतःच उघडले. उपासनेत लोकभाषा आली. वसईच्या देवळांत मराठी घुमू लागली. आमच्या वडिलांनी तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली होती, मराठीतली पहिली मिस्सा ऐकून आल्यावर ते म्हणाले होते, "आज देव आपल्या घरचा वाटला." त्याच वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये निघाले, आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. स्टीफन्सच्या ओवीपासून या ग्रंथापर्यंतची वाट सरळ नव्हती, पण ती तुटली नाही.

एवढ्याने सर्व प्रश्न मिटले, असा दावा आम्ही करीत नाही. अधिकार सेवक आहे, हे कागदावर लिहिणे सोपे. खुर्चीवर बसून ते आचरणे कठीण. हे आम्ही खुर्चीवर बसणारे लोक जाणतो. परंतु अधिकारच नको म्हटले तरी तो नाहीसा होत नाही. आमच्या बंधूंच्या मंडळातही एक प्रवचनकार आहेत, आणि शास्त्राचा ते सांगतात तोच अर्थ तेथे चालतो. अर्थ लावणारा कोणीतरी असतोच. तो कुणाला उत्तरदायी आहे, त्याच्या मागे किती पिढ्यांची साक्ष आहे, आणि चूक झाली तर ती कबूल करण्याची त्याची तयारी आहे काय, एवढेच पाहायचे.

आता समारोपाकडे येतो. हा विषय मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात का बोलावा, असे कुणाला वाटले असेल. बंधुभगिनींनो, घरापासून दूर राहणाऱ्या आपणां सर्वांचा हाच प्रश्न आहे. येथे नर्मदेकाठी वाढणारी आपली मुले विचारतात, "हे का करायचे? कुठे लिहिले आहे?" गावी हा प्रश्न उठत नाही, कारण तेथे सगळा गावच उत्तर असतो. येथे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. "आम्ही सांगतो म्हणून" हे धर्मसत्तेचे सर्वांत वाईट उत्तर होय. "पोथीत आहे म्हणून" हेही अपुरेच. पोथी उघडून दाखवावी, आजीने ती कशी जगून दाखवली ते सांगावे, आणि आपण कोठे चुकलो तेही सांगावे. मग मुलाच्या विवेकावर भरवसा ठेवावा. आपल्या मंडळालाही घटना आहे, पन्नास वर्षांच्या चाली आहेत आणि कार्यकारिणी आहे. या तिघांचे भांडण वार्षिक सभेत आपण पाहतोच, आणि तरीही दुसऱ्या दिवशी एका पंगतीला बसतो!

शेवटी पुन्हा आमच्या ओटीवर. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा आधार आम्ही बंधूंना मक्काबीच्या ग्रंथातून दाखवला, तो त्यांना पटला नाही. पुढे एकदा आम्ही त्यांना संत ऑगस्टीनच्या आईची हकीकत सांगितली. मोनिका आफ्रिकेतील तागास्ते गावची. ३८७ मध्ये घरी परतण्याच्या वाटेवर रोमजवळच्या ओस्तिया बंदरात तिला मरण आले. मायदेशी पतीशेजारी आपली माती व्हावी, ही तिची आयुष्यभराची इच्छा होती. पण अखेरीस तिने मुलांना सांगितले की, देह कुठेही ठेवा, त्याची काळजी नको. मात्र जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. ट्रेंटच्या आधी साडेअकराशे वर्षे, परदेशात मरणाऱ्या एका आईने मुलांजवळ मागितले ते एवढेच. बंधू बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे शास्त्र नव्हे." आम्ही म्हटले, "नव्हे. पण ही शास्त्र वाचणाऱ्या माणसाची आई आहे."

गेल्या दोन नोव्हेंबरला आम्ही रजा काढून वसईस गेलो होतो. संध्याकाळी दफनभूमीत वारा होता. बंधूही आले. त्यांनी प्रार्थना म्हटली नाही, आणि आम्ही आग्रह केला नाही. पण आम्ही वडिलांच्या थडग्यावर मेणबत्ती लावत होतो तेव्हा ते खाली बसले, आणि ती विझू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांचा आडोसा धरला. त्यांच्या ६६ ग्रंथांत आणि आमच्या ७३ ग्रंथांत असलेला पित्याचा मान राखण्याचा नियम एकच आहे. तेथून पुढे बोलता येईल, अशी आम्हांला आशा आहे.